नाल्याच्या टोकाला तिवर

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये आपल्या पायांनी चालता येत नाही. नेहरू चौकातून गजानन मार्केटकडे वळले की गर्दी नेईल तिकडे जावे लागते. कापडाचे गठ्ठे, रिकामी खोकी, सुतळीचे तुकडे, साड्यांवरून काढलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या. रात्री दुकाने बंद झाली की या सगळ्याचा एक जाड थर रस्त्यावर उरतो. पहाटे झाडलोट होते. उचलले जाते ते गाडीत जाते, उरते ते गटारात. आमच्या दिवाळी अंकाची धावपळही याच दिवसांत, याच गल्ल्यांतून चालते, त्यामुळे हा थर आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. तो पुढे कुठे जातो हे मात्र यंदा प्रथमच जाऊन पाहिले.

सुकतीची वेळ विचारून घेतली आणि डोंबिवली पश्चिमेच्या मोठागाव रेतीबंदरावर उतरलो. पाणी ओसरले होते. काठाला तिवरांची रांग होती, आणि प्रत्येक झाडावर एका विशिष्ट उंचीपर्यंत चिंध्या लटकत होत्या. भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते तिथपर्यंत झाड जणू कापडाच्या दुकानात बांधून ठेवलेले. त्याच्या वर स्वच्छ, हिरवी पाने. खाडीत जाळे लावणारे एक वयस्कर काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "हे सगळं वरून येतं. पावसाळ्यात जास्त." त्यांनी कुणाला दोष दिला नाही. त्यांनी फक्त वरच्या अंगाला, पुलापलीकडे, कल्याणच्या दिशेने हात केला. आम्ही त्याच दिशेने आलो होतो.

यंदाच्या संपादकीयाचा विषय तिथे ठरला. समुद्र डोळ्यांना न दिसणाऱ्या गावाने कांदळवनाबद्दल, म्हणजे तिवरांच्या या खाऱ्या जंगलाबद्दल, का बोलावे, असे कुणी विचारील. कांदळवन जगवायचे की मारायचे, हे आमच्या गटारावर ठरते म्हणून.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत आपल्याला वळसा घालते आणि कल्याणच्या पुढे तिची खाडी होते. ठाण्याजवळ त्या पाण्याच्या दोन वाटा फुटतात. मोठी घोडबंदरकडून वसईला समुद्रात जाते, दुसरी ठाण्याच्या खाडीला मिळते. दुसरी नदी वालधुनी. ही छोटी, आणि म्हणूनच जास्त आपली. काकोळ्याच्या बाजूने ती अंबरनाथात येते, शके ९८२ मध्ये म्हणजे १०६० साली बांधलेल्या शिलाहारांच्या शिवमंदिराला लागून वाहते, मग उल्हासनगरच्या मधून जाते आणि कल्याणजवळ खाडीला मिळते. साडेनऊशे वर्षांपूर्वी मंदिर बांधणाऱ्यांनी ही जागा वाहत्या पाण्यासाठी निवडली असणार. त्याच पाण्यात २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे टँकरमधून रसायन सोडले गेले आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावे लागले. त्याआधी आणि त्यानंतरही, जीन्स धुण्याच्या पाण्याने ही नदी निळी झालेली आपण कितीतरी वेळा पुलावरून पाहिली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले आणि २०१५ साली लवादाने नदीकाठच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसह स्थानिक संस्थांनाही जबाबदार धरले. नदी घाण करणारा एकटा कारखानदार नसतो, नगरपालिकाही असते, आणि नगरपालिका म्हणजे शेवटी आपणच.

आता त्या झाडाबद्दल. तिवर चिखलात उभे असते, आणि खाजणातल्या चिखलात हवा नसते. म्हणून त्याची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात आणि सुकतीच्या काही तासांत श्वास घेतात. खारे पाणी पिऊन जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान उलटे करून जिभेला लावले तर कळते. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे बी झाडावरच रुजते, हातभर लांब शेंगेसारखा कोंब तयार होतो आणि मग तो चिखलात पडतो, म्हणजे आई लेकराला उभे राहता येईपर्यंत कडेवरून उतरवत नाही. चिप्पी, काजळा, झुंबर, किरकिरी, मारांडी अशी आणखी मंडळी या कुटुंबात आहेत. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. या सगळ्यांच्या पायाशी चिंबोरी, निवटी, कोळंबी, बोय, जिताडा लहानाचे मोठे होतात. श्वास घेणाऱ्या मुळांवर प्लॅस्टिकची पिशवी बसली की काय होते, ते वेगळे सांगायला नको. एका पिशवीने झाड मरत नाही. रोजच्या पिशव्यांनी मरते.

आमच्या गावाचे या झाडाशी एक जुने नातेही आहे. उल्हासनगर हा मूळचा दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि वसाहतीला नदीचे नाव मिळाले. सिंधूचा काठ सोडून आलेली माणसे उल्हासच्या काठाला वसली. झूलेलाल हा पाण्याचा देव, तसबिरीत माशावर बसलेला. त्याच्या चालिहो व्रताचे चाळीस दिवस आमच्या शेजारी आजही कडक पाळले जातात. त्या सिंधूच्या मुखाशी जे खारे जंगल आहे ते जवळजवळ सगळे तिवराचेच आहे, रेतीबंदरावर आम्ही पाहिले त्याच जातीचे. वरच्या अंगाला १९३२ साली सक्करचा आणि १९५५ साली कोटरीचा बंधारा झाला, गोडे पाणी मुखापर्यंत पोहोचेनासे झाले आणि ते जंगल वर्षानुवर्षे आटत गेले. पुढे १९९० नंतर सिंधच्या वनखात्याने किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना हाताशी धरून लागवड आणि राखण सुरू केली, आणि गेलेले जंगल पुष्कळसे परत आले. ज्या नदीची आठवण काढत आमचे शेजारी म्हातारे झाले, तिच्या मुखाशी हे होऊ शकले. मग उल्हासच्या मुखाशी का होऊ नये?

२६ जुलै हा दिवस आपल्याला पुरामुळे आठवतो. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हासने बदलापूर, कल्याण, उल्हासनगरचे कितीतरी भाग बुडवले. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. योगायोग असा की हाच २६ जुलै युनेस्कोने जाहीर केलेला जागतिक कांदळवन दिन आहे. मात्र इथे नीट बोलले पाहिजे. बदलापूरचा पूर तिवरे अडवणार नाहीत. डोंगरातून येणाऱ्या पाण्याला ती काय करणार? पण त्या पाण्याला जायला खाडी मोकळी हवी, काठ टिकायला हवेत. तिवरे तोडून, भराव घालून, वर चाळी उभ्या करून खाडीचा गळा आवळला की पाणी मागे तुंबते, आणि मागे आपणच आहोत. समुद्रावरून येणाऱ्या वादळापुढे तर ही झाडे खरोखर ढाल होतात. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढे कांदळवन रुंद होते, तिथे माणसे कमी दगावली, हे नंतरच्या अभ्यासाने दाखवून दिले.

कायदा आपल्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तोडीवर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांनी कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असे स्पष्ट केले, भोवतीची पन्नास मीटर जागा मोकळी राखायला सांगितली आणि नष्ट झालेले जंगल पुन्हा उभे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्याआधी २०१२ पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लागवडीसाठी 'मिष्टी' योजना आली. एवढे सगळे असून रेतीबंदरावरच्या तिवरांना चिंध्या आहेतच. न्यायालय तोड थांबवू शकते, वनखाते सीमा आखू शकते. रोज सकाळी नाल्याच्या जाळीत अडकलेला कचरा काढायला मात्र प्रभागातलाच माणूस लागतो.

आणि ही जबाबदारी नगरपालिकेची आहे, हे आमच्या मनाचे नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये शहरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण हे स्पष्ट लिहिले आहे. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. त्या अहवालात खाडीला एक प्रकरण असावे, एवढी साधी मागणी आम्ही इथे छापून ठेवतो.

कुणी म्हणेल, नगरपालिकेला हे जमणार का? जमले आहे. सिंधुदुर्गातले वेंगुर्ले घ्या. तिथल्या नगर परिषदेत मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा घराघरांतच वेगळा होऊ लागला आणि गावाचा कचरा डेपो लोक बघायला यावेत अशी जागा झाला. त्याच गावातल्या मांडवी खाडीत मच्छीमार घरांतल्या बायकांचा स्वामिनी बचत गट होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतो. कुठले झाड काय, पक्षी कुठला, चिंबोरी कुठे राहते, हे त्याच सांगतात आणि त्यातून त्यांचे घर चालते. आमच्या मते ही दोन कामे म्हणजे एकच काम. गावाचा कचरा खाडीत उतरत असता तर ती होडी कुणी वल्हवली असती? कोकरे पुढे कर्जतला आले, उल्हासच्या काठावर, आणि तिथेही वर्गीकरण बसवले. मग कल्याण-डोंबिवली महापालिकेत, आणि २०२१ साली खाडीच्या काठावरचा आधारवाडीचा डोंगराएवढा कचरा डेपो टाकण्यासाठी बंद झाला. एका अधिकाऱ्याच्या बदल्यांच्या वाटेवर एका नदीचे नशीब असे ठरावे, हे आम्हाला आशेचे वाटते आणि धोक्याचेही. अधिकारी बदलून जातो. काम नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात, एका लेखाशीर्षाखाली, दरवर्षी लिहिलेले असले तरच टिकते.

आपल्या आगरी-कोळी आजोबांना हे ठाऊक होते. खाजणात भाताची शेती राखायला त्यांनी बांध घातले आणि बांधाला उघाडी ठेवली: भरतीला झडप मिटते, सुकतीला आतले पाणी बाहेर जाते. उघाडी एकदा बसवून घरी जाता येत नाही. खेकडे बांध पोखरतात, लाट ढासळवते. पाळी लावून, सगळ्यांनी मिळून चिखल टाकावा लागतो. जिथे ही पाळी मोडली तिथे बांध फुटले, खारे पाणी आत आले, आणि थोड्याच पावसाळ्यांत तिवरे आपोआप उगवली. शेतकऱ्याचे नुकसान झाले, त्याचे दुःख आहेच. पण त्यातून एक गोष्ट दिसते: पाण्याचे येणे-जाणे मोकळे असेल तर हे जंगल लावावे लागत नाही. फ्लोरिडातल्या वेस्ट लेक पार्कमध्ये रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने जमिनीची उंची आणि भरतीची वाट दुरुस्त केली, आणि रोपे न लावता जंगल परतले. उलट फिलिपिन्समध्ये नको त्या चिखलात लाखो रोपे खोचली गेली आणि बहुतेक मेली. म्हणून रोपे लावण्याच्या कार्यक्रमाला आमंत्रण आले तर आम्ही जाऊ, पण आधी विचारू की इथे पाणी कसे येते आणि तीन वर्षांनी कोण बघणार.

आमचे मागणे वरच्या अंगाचे आहे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरच्या नगर परिषदा आणि कल्याण-डोंबिवली, चौघांची हद्द वेगळी पण पाणी एकच. मोठ्या नाल्यांच्या तोंडाला जाळ्या बसवाव्यात, त्या काढायचा वार ठरलेला असावा, आणि तो वार कुणाच्या नावावर आहे हे प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लिहावे. बाजारपेठेतल्या चिंध्यांसाठी वेगळी गाडी असावी. चिंधीला विकत घेणारा असतो, ती गटारात जायचे कारणच नाही. सांडपाणी प्रक्रियेविना वालधुनीत पडू नये, हे तर हरित लवादाने सांगून झाले आहे. आणि चौघांचे अभियंते वर्षातून निदान दोनदा सुकतीच्या वेळी रेतीबंदरावर एकत्र उभे राहावेत. कागदावर हद्द दिसते; तिथे ती दिसत नाही.

या अंकात कथा आहेत, कविता आहेत, वार्षिक राशिभविष्य आहे, नेहमीचे सगळे आहे. वाचकांनी ते आनंदाने वाचावे. फक्त एक सांगायचे राहिले. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, आणि अमावास्या म्हणजे उधाण. आपण दुकानात वहीपूजन करत असू, त्या दिवशी खाडीचे पाणी रोजच्यापेक्षा जास्त चढून कल्याणपर्यंत येईल, वालधुनीच्या तोंडाशी आपल्या पाण्याला भेटेल आणि काही तासांनी परत फिरेल. फटाक्यांचे कागद, मिठाईची खोकी, झेंडूच्या माळा, जे त्या वेळी नाल्यात असेल ते पाडव्याच्या सकाळी तिवरांच्या मुळांवर असेल. आमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी यंदा माळांसाठी आणि खोक्यांसाठी दोन वेगळी पिंपे ठेवायचे कबूल केले आहे. भाऊबीज झाली की सुकतीची वेळ बघून आम्ही पुन्हा रेतीबंदरावर जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी अंकाच्या कार्यालयात नाव द्यावे. जुनी चप्पल घालून यावे, चिखल फार असतो.