‘बाहुल्यांच्या खेळा’ची बाजू

कॅन्सर झालेल्या माणसाने संगणकाच्या पडद्यावरच्या एका बेटावर जावं, तिथे उसनं शरीर धारण करावं आणि कधी न भेटलेल्या माणसांजवळ आपलं दुखणं काढावं, हे ऐकलं की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव येतो. निम्मी कीव, निम्मं हसू. ‘जवळचं कोणी उरलं नाही म्हणून हा बाहुल्यांचा खेळ का?’ असं तो विचारतो, आणि प्रश्नातच उत्तर दिल्याच्या थाटात विषय संपवतो. मला हा विषय इतक्यात संपवायचा नाही.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. ‘सेकंड लाइफ’ नावाचं आभासी जग सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली खुलं केलं. तिथे गुण मिळवायचे नसतात, कोणाला मारायचं नसतं. जमीन असते, समुद्र असतो, घरं असतात, आणि माणसं आपापला अवतार घेऊन त्यांत वावरतात. तिथलं चलनही वेगळं. अडीचशेच्या आसपास लिंडन डॉलर मोजले की एक अमेरिकन डॉलर होतो. याच जगात अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपलं बेट उभारलं आणि ‘रिले फॉर लाइफ’ हा उपक्रम तिथे नेला.

मूळ उपक्रम अगदी जमिनीवरचा. मे १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा या शहरात गॉर्डन क्लॅट नावाच्या शल्यचिकित्सकाने एका विद्यापीठाच्या मैदानाला सलग चोवीस तास फेऱ्या मारल्या. त्यांचे स्नेही पंचवीस-पंचवीस डॉलर देऊन अर्धा-अर्धा तास त्यांच्याबरोबर चालले, धावले. ८३ मैल झाले आणि २७,००० डॉलर जमले. पुढे त्याची चळवळ झाली. चोवीस तास यासाठी, की कॅन्सर रात्री झोपत नाही. पहिली फेरी बरे झालेल्यांची आणि उपचार घेत असलेल्यांची, मग शुश्रूषा करणाऱ्यांची, आणि अंधार पडल्यावर गेलेल्यांच्या नावाचे दिवे. सेकंड लाइफमध्येही हेच सगळं तसंच होतं. अनेक बेटांवरून जाणारा माग, दोन्ही बाजूंना संघांनी उभारलेले तळ, आणि चोवीस तास चालणारे अवतार. २००७ साली या ‘बाहुल्यांनी’ एक लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला, २००८ साली दोन लाखांचा. सुट्ट्या नाण्यांतून जमलेले हे पैसे खरे होते.

पण पैशांनी आक्षेपकाचं तोंड बंद होणार नाही, आणि होऊही नये. देणगी जमवणं वेगळं आणि आधार देणं वेगळं. तेव्हा मूळ आक्षेपाकडे येऊ. आधार जवळच्या माणसांनी द्यायचा असतो, परक्या अवतारांनी नव्हे, असं म्हणतात.

हे म्हणणाऱ्याने पेशंटच्या खोलीत, माझ्या समजुतीप्रमाणे, पाहुणा म्हणूनच पाऊल टाकलेलं असतं. कॅन्सर झालेल्या माणसाची खरी पंचाईत अशी की जवळच्या माणसांसमोर त्याला धीर धरावा लागतो. तो रडला की बायकोला सावरायचं काम त्याच्यावरच येतं. मुलीने ‘बाबा, दुखतंय का?’ विचारलं तर खरं उत्तर देता येत नाही, कारण त्या उत्तराची किंमत मुलगी मोजणार असते. भेटायला येणारे तर लक्ष्मणफळाची पानं आणि साताऱ्याच्या कुठल्याशा वैद्यांचा नंबर घेऊन येतात. अशा घरात प्रेमाची वानवा नसते. ज्याच्याजवळ बोललं तर त्याचं काही मोडणार नाही, असं माणूस मात्र नसतं. ते परकंच असावं लागतं, आणि शक्यतो त्याच आजारातून गेलेलं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. परस्परांना ते परकेच असतात. तिथल्या ओळखीला कोणी खोटी म्हणत नाही. मग तीच ओळख पडद्यावर झाली की खोटी का ठरावी?

‘कारण धर्मशाळेत माणूस समोर असतो’, असं उत्तर येईल. बरोबर. पण समोर येणं प्रत्येकाला आणि प्रत्येक दिवशी परवडत नाही. केमोच्या बहुतेक औषधांनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा डॉक्टरच सांगतात, गर्दीत जाऊ नका. म्हणजे माणसांची सर्वांत जास्त गरज असते त्याच आठवड्यात माणसं वर्ज्य. उलटी थांबावी म्हणून दिलेल्या स्टिरॉइडने झोप उडते ती निराळीच. रात्री दोन वाजता रत्नागिरीतलं घर गाढ झोपलेलं असतं आणि कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. एखाद्या आभासी बाकावर त्या वेळी कोणीतरी जागं असतं. घरच्यांना उठवायचा संकोच वाटतो तसा इथे वाटत नाही.

यावर एक जरा हुशार आक्षेपक म्हणेल, ‘मग व्हॉट्सॲपचा ग्रुप काय वाईट?’ वाईट काहीच नाही. पण मला ज्याचं मंडन करायचं आहे ते नेमकं इथे आहे. ग्रुपमध्ये जो लिहीत नाही तो नसतोच. तिथे हजर राहायचं तर बोलावं लागतं, निदान हात जोडलेलं चित्र तरी टाकावं लागतं. आभासी जगात जागा असते. तिथे शेजारी बसता येतं. एका अवताराजवळ दुसरा अवतार येऊन बसतो आणि वीस मिनिटं कोणी काही लिहीत नाही. तरी दोघांनाही ठाऊक असतं की पलीकडे कोणीतरी आपला वेळ देऊन बसलं आहे. चोवीस तासांच्या रिलेतही चालणारे बरेचसे मुकाट चालतात. आजारी माणसाला बोलण्याचा आग्रह नको असतो आणि एकटेपणही नको असतं. या दोन नकोंच्या मधली जागा पत्राने दिली नाही, फोनने दिली नाही, ग्रुपनेही दिली नाही. ती या ‘बाहुल्यांनी’ दिली.

‘पण ते शरीर खोटं!’ हा आक्षेप मराठी माणसाने करावा याचं मला विशेष नवल वाटतं. आपल्याकडे मानसपूजा आहे. आसन, स्नान, फुलं, नैवेद्य सगळं मनातल्या मनात. शंकराचार्यांच्या नावावर असलेलं शिवमानसपूजा स्तोत्र म्हणणाऱ्या आजोबांना ‘फुलं कुठे आहेत?’ असं कोणी विचारत नाही. तिथे भाव खरा असला की साहित्य काल्पनिक चालतं. इथे तर समोरचा माणूसही काल्पनिक नाही, फक्त त्याचा देह रंगवलेला आहे.

शिवाय तो रंगवलेला देह ही उणीव आहे असं गृहीत का धरायचं? कॅन्सर आणि त्याचे उपचार माणसाच्या शरीरावरचा त्याचा स्वतःचा ताबा काढून घेतात. केस जातात, स्तन जातो, पोटावर पिशवी येते. आणि जो भेटतो तो आधी तेच बघतो. अवतार घेताना पेशंट स्वतः ठरवतो की काय दाखवायचं. लांब केस घेऊन हिंडावं, की टक्कल मिरवत बरे झालेल्यांच्या फेरीत चालावं, ही निवड त्याची. तोंडाच्या कॅन्सरचा विचार करा. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याच्या आपल्या मुलखात तो करायलाच हवा. जीभ किंवा जबडा काढलेल्या माणसाचं बोलणं लोकांना कळत नाही, दर वाक्याला ‘काय म्हणालात?’ ऐकून तो बोलणंच टाकतो. सेकंड लाइफमध्ये आवाजाची सोय २००७ साली आली. त्याआधी सगळे टंकूनच बोलत आणि पुढेही अनेक जण तसंच बोलत राहिले. टंकलेल्या गप्पांत त्याची जीभ इतर कोणाइतकीच शाबूत असते.

आता माझ्याच पक्षातल्या काही उत्साही मंडळींचा समाचार घ्यायला हवा. त्यांचं म्हणणं, अशा आधाराने आयुष्य वाढतं. या समजुतीला इतिहास आहे. डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रिया. त्यांतल्या आधारगटात जाणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, न जाणाऱ्या १८.९ महिने. जगभर गाजावाजा झाला. पुढे २००१ साली कॅनडातल्या पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी तशाच २३५ स्त्रियांवर मोठा अभ्यास केला, आणि आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की आधारगटातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला आणि वेदना कमी जाणवल्या. हे दोन्ही अभ्यास समोरासमोर बसणाऱ्या गटांचे आहेत. तिथे जे सिद्ध झालं नाही ते पडद्यावरच्या बेटांच्या नावावर खपवणं अप्रामाणिक आहे. आणि क्रूरही, कारण मग जो मेला तो पुरेसा ‘जोडलेला’ नव्हता असा त्याचा अर्थ निघतो. वेदना कमी जाणवणं ही काही लहान गोष्ट नाही, तिला दीर्घायुष्याची झालर लावायची गरज नाही.

‘खेळ म्हणजे पळवाट’ या आक्षेपाला फार जागा देत नाही. २००६ साली ‘री-मिशन’ नावाचा खेळ निघाला. त्यात रॉक्सी नावाची छोटी यंत्रमानव पेशंटच्या शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर मारा करते. ३४ केंद्रांतल्या ३७५ किशोर आणि तरुण पेशंटांवर त्याची रीतसर चाचणी झाली. हा खेळ मिळालेल्यांनी जंतुसंसर्ग टाळण्याच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या अधिक नियमितपणे घेतल्या. त्यांचा ताण मात्र कमी झाला नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं. म्हणजे ही ‘पळवाट’ त्यांना औषधाच्या डबीकडेच घेऊन गेली.

फसवणुकीचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. केसी निकोल नावाच्या ल्युकेमियाच्या तरुण पेशंटवर इंटरनेटवरच्या हजारो लोकांनी जीव लावला, २००१ साली तिच्या मृत्यूची बातमी आल्यावर शोक केला, आणि काही दिवसांत उघड झालं की ती मुलगी कधी नव्हतीच. खोटा आजार घेऊन सहानुभूती गोळा करणारी माणसं आभासी जगातही येतात. सोड्याने आणि गोमूत्राने कॅन्सर बरा करणारेही येतात, आणि हे दुसरे जास्त घातक. पैशांपुरता उपाय सोपा आहे. रिलेतलं दान कोणा व्यक्तीच्या हातात पडत नाही, संस्थेच्या खात्यात जातं. बाकीच्यासाठी नियम लागतात, राखण लागते, जाणकार माणसं लागतात. पण फसवणूक होते म्हणून जागाच बंद करायची, हा न्याय लावला तर आपल्याकडची निम्मी देवस्थानं उद्या सकाळी कुलूपबंद करावी लागतील.

आणि हे श्रीमंतांचं चोचलं आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही. चांगला संगणक, वेगवान जोडणी आणि इंग्रजी, तिन्ही लागतात. परळच्या फुटपाथवर ताडपत्री टाकून उपचाराची वाट बघणाऱ्या कुटुंबाला सेकंड लाइफचा उपयोग शून्य. त्यांना छप्पर हवं. फक्त एवढंच सांगतो, की अमेरिकन कॅन्सर सोसायटी बाहेरगावच्या पेशंटांसाठी फुकट राहायची सोय असलेल्या ‘होप लॉज’ नावाच्या वास्तू चालवते, पहिली १९७० साली चार्ल्सटन इथे उघडली. बाहुल्यांनी जमवलेला पैसा याच संस्थेच्या तिजोरीत जातो.

आता मला ज्याचं अप्रूप वाटतं ते. आधार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देणारा निरोगी आणि घेणारा आजारी असं चित्र येतं. पेशंटला नेमका त्याचाच उबग येतो. सतत घेतच राहायचं. एझ्रा नावाच्या दहा वर्षांच्या अमेरिकन मुलाला मेंदूचा कॅन्सर होता आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचं वेड होतं. २००७ साली एका संस्थेने त्याची इच्छा म्हणून त्याला खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीत नेलं. तिथे त्याने नुसता फेरफटका मारून सह्या घेतल्या नाहीत. त्याने खेळातली एक कामगिरी रचली. एका म्हाताऱ्याचा कुत्रा हरवला आहे, त्याला शोधायचं आणि मांस खाऊ घालून परत आणायचं. कुत्र्याचं नाव काइल, जे एझ्राच्या स्वतःच्या कुत्र्याचं होतं. म्हाताऱ्याला आवाजही त्यानेच दिला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, अकराव्या वर्षी, तो गेला. खेळातल्या एका पात्राला कंपनीने त्याचं नाव दिलं, एल्डर एझ्रा. त्यानंतर किती नवख्या खेळाडूंनी काइलला शोधलं असेल! त्यांतल्या बहुतेकांना ती कामगिरी कोणी रचली हे ठाऊकही नसणार. त्या पोराने जगाला काम सांगितलं आणि जगाने ते केलं. ‘लवकर बरा हो’ असं लिहिलेल्या कार्डांच्या ढिगात हे कुठे मिळतं? रिलेत संघाचा कप्तान होणारी, तळ उभारणारी, नवख्याला चालायला शिकवणारी पेशंट मंडळीही हेच करत असतात.

मी आक्षेपकांच्या बाजूने असतो तर शरीर, पळवाट, बाहुल्या असल्या गोष्टींत वेळ घालवला नसता. मी विचारलं असतं, ही जमीन कोणाची? ‘सिम्स ऑनलाइन’ नावाचं असंच एक जग डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं, नाव बदलून पाहिलं, आणि १ ऑगस्ट २००८ रोजी कंपनीने ते बंद केलं. तिथली घरं, ओळखी, बसायच्या जागा एका दिवसात गेल्या. कॅन्सरमधून उठलेल्या माणसांची बेटंही अशीच खाजगी कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने उभी आहेत. तोटा झाला की टाळं. याला माझ्याजवळ खंडन नाही, मागणी आहे. ज्या संस्था तिथे पेशंटांना बोलावतात त्यांनी जग बंद पडलं तर ही माणसं एकमेकांना कुठे आणि कशी गाठतील हे आधीच ठरवून, लिहून ठेवावं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी सांगावं.