कोरा दाखला

बेळगावहून आत्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. एरवी नऊलाच तिचा दिवा मालवलेला असतो. म्हणाली, "अगं, ईसी आला. काही बोजा नाही, सगळं साफ आहे म्हणतात. घरात पेढेसुद्धा वाटले. पण मला काही ते पटेना."

आनंदाची बातमी सांगणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो.

आत्याचं घर शहापुरातलं. शहापूर आज बेळगावात मिसळून गेलंय, पण संस्थानी काळात ते सांगलीकर पटवर्धनांच्या मुलखात होतं. त्यामुळे तिच्या सासऱ्यांच्या पेटीतला सगळ्यात जुना कागद सांगली संस्थानचा आहे. त्यावरचे मुंबई राज्याचे, आणि 1956 नंतरचे म्हैसूरचे, म्हणजे पुढे कर्नाटकाचे. मोडी, मराठी, इंग्रजी, कन्नड. घर जागचं हललं नाही, कागदाची लिपी आणि भाषा मात्र बदलत गेली. त्या घराची मागची भिंत आता ओल धरते आहे. दुरुस्तीसाठी आत्याच्या मुलाने बँकेकडे कर्ज मागितलं आणि बँकेने यादीत पहिलंच कलम घातलं: ईसी आणा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ईसी, म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, हा शब्द तितका ओळखीचा नसेल. आपल्याकडे बँक वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते आणि आपण इंडेक्स टूच्या प्रती गोळा करत बसतो. कर्नाटक, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण इथे मात्र नोंदणी खातंच तसा दाखला देतं. अमुक मिळकतीवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कोणकोणते दस्त नोंदले गेले, याचा तो उतारा. कन्नडमध्ये त्याला ऋणभार प्रमाणपत्र म्हणतात. तमिळमध्ये विल्लंगम हा शब्द आहे, आणि रोजच्या बोलण्यात त्याच शब्दाचा अर्थ झंझट असाही होतो. आपला बोजा हा शब्द मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. जमिनीच्या पाठीवर काहीतरी ठेवलंय, ते दिसतं त्यात.

कर्नाटकात हा अर्ज कावेरी या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. खातं उघडायचं, जिल्हा, उपनिबंधक कार्यालय आणि गाव निवडायचं, मिळकतीचा क्रमांक आणि चतुःसीमा भरायच्या, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचा शोध हवा ते लिहायचं आणि शुल्क भरायचं. एक अर्ज क्रमांक मिळतो. कार्यालयात तपासणी होते, डिजिटल सही होते आणि दाखला उतरवून घेता येतो. शोधात दस्त सापडले तर दाखला फॉर्म 15 मध्ये येतो, एकही सापडला नाही तर फॉर्म 16 मध्ये. आत्याकडे आला तो फॉर्म 16. निल. कोरा.

त्याआधीच्या नऊ दिवसांत काय झालं, ते तिने मला नंतर सांगितलं. अर्ज भरला होता बाजारातल्या एका कॉम्प्युटर सेंटरवर. खातं उघडलं तेही तिथल्याच मुलाच्या मोबाइल नंबरवर, कारण ओटीपी पटकन मिळतो. त्यामुळे अर्जाचं पुढे काय झालं याचे सगळे मेसेज त्या मुलाकडे. रोज सकाळी आत्याचा मुलगा कामावर जाताना तिथे डोकावायचा. "पेंडिंग आहे अण्णा." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पेंडिंग." अर्ज आत्याच्या घराचा, पैसे तिचे, आणि तिच्याच अर्जाची खबर तिसऱ्याच्या खिशात. तो मुलगा सज्जन होता, त्याने कशाचा गैरफायदा घेतला नाही. पण उद्या त्याने दुकान बंद केलं, नंबर बदलला, तर हे खातं आणि त्यातले कागद कोणाचे?

नऊ दिवस सगळं घर त्या एका शब्दाकडे डोळे लावून होतं. पेंडिंगचं अप्रूव्ह्ड कधी होतंय. आणि झालं, तेव्हा दाखल्यात काय आहे हे कोणी वाचलंच नाही. वाचायचं काय, कोराच तर होता!

आत्याने वाचला. म्हणजे तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण 'निल' एवढं तिला कळलं आणि तिथेच ती अडली. "2006 साली तुझ्या आतोबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं," ती म्हणाली. "गहाणखत रजिस्टर केलं होतं. मी होते ना बरोबर. तिथल्या बाकावर सकाळपासून दुपारी तीनपर्यंत बसले होते, माझीही सही आहे त्याच्यावर. मग ते कुठं गेलं?"

कर्ज 2013 सालीच फिटलं होतं. आतोबा 2019 ला गेले. घरात आता त्या गहाणखताची आठवण असलेली ती एकटीच. मुलगा म्हणाला, फिटलंय ना, म्हणून नाव गेलं असेल. तसं होत नाही. नोंदणीच्या वहीतलं काहीच जात नाही. कर्ज फिटल्याचा वेगळा दस्त नोंदवला, तर तो पहिल्याच्या खाली येऊन बसतो. गहाणखत तरी दिसायलाच हवं. एकही दिसत नाही याचा अर्थ शोधच भलत्या ठिकाणी घेतला गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिला अर्जाची छापील प्रत वाचून दाखवायला सांगितली, आणि पाचच मिनिटांत उलगडा झाला. मिळकतीच्या क्रमांकाच्या रकान्यात घरपट्टीच्या पावतीवरचा महापालिकेचा घर नंबर भरला होता. 2006 च्या गहाणखतात मिळकत लिहिलेली होती सीटीएस नंबराने, म्हणजे सिटी सर्व्हेच्या क्रमांकाने. आपण जे वर्णन देतो, त्याच वर्णनाचा शोध होतो. दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरात हे लिहिलेलंही असतं: अर्जदाराने दिलेल्या वर्णनावरून शोध घेतला आहे, दस्तात मिळकतीचं वर्णन वेगळं असेल तर तो व्यवहार यात येणार नाही. हे बारीक अक्षर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते दाखल्याच्या माथ्यावर ठळक छापायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कोरा दाखला म्हणजे बोजा नाही असं नव्हे. या नावाने, या नंबराने, या तारखांच्या आत आम्हाला काही सापडलं नाही, एवढंच तो सांगतो.

तारखांचंही तसंच. कावेरीवरचा शोध 2004 पासूनच्या दस्तांचा. त्याआधीचं हवं असेल तर कार्यालयात जाऊन जुन्या वह्यांतून शोध घ्यायला लागतो. आपल्याकडच्या ई-सर्चवरही मुंबईचे दस्त 1985 पासूनचे आणि उरलेल्या महाराष्ट्राचे 2002 पासूनचे मिळतात. आजोबांनी 1978 साली केलेलं गहाणखत संगणकाला माहीतच नसतं.

दुसरा अर्ज आत्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून केला. बंगळुरूहून सुट्टीला आलेल्या नातवाने तिच्या शेजारी बसून तो भरला. सीटीएस नंबर, दस्तात होत्या तशाच चतुःसीमा, आतोबांचं नाव दस्तातल्याच स्पेलिंगने. या वेळी अर्ज क्रमांक तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवला, दुधाच्या हिशेबाच्या खाली. मेसेज तिच्याच फोनवर यायचे. पाचव्या दिवशी फॉर्म 15 आला आणि त्यात एकच ओळ: 2006, गहाणखत, लिहून देणार आतोबा आणि आत्या, लिहून घेणार पतसंस्था. खाली काही नाही.

म्हणजे सरकारी वहीत तिचं घर अजून गहाणच होतं.

पतसंस्थेने 2013 साली दिलेला दाखला आत्याकडे होता. कर्ज पूर्ण फिटलं, बाकी काही नाही, सही, शिक्का. आतोबांनी तो जपून ठेवला आणि प्रकरण मिटलं असं समजले. इथे कायद्यातली एक फट आहे, ती माहीत असायला हवी. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे गहाणाचे पैसे मिळाल्याची साधी पावती नोंदवायची सक्ती नाही. न नोंदवलेली पावती वहीत येत नाही, आणि वहीत नाही ते ईसीतही नाही. पण त्याच्या जोडीला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 60 आहे. गहाण नोंदणीकृत असेल तर कर्ज फेडणाऱ्याला, स्वतःच्या खर्चाने, गहाण संपल्याचा लेख नोंदवून मागण्याचा हक्क आहे. हक्क आहे, पण मागायला हवा. आतोबांना तो कोणी सांगितला नाही. मला वाटतं, कर्ज फेडणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना कोणी सांगत नाही. शेवटचा हप्ता भरून माणूस बाहेर पडतो तो हलका होऊन. त्या दिवशी त्याला पुन्हा रजिस्ट्रार ऑफिसची पायरी आठवत नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये बँकांना आदेश दिला, तो 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे: कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. चांगला आदेश आहे. पण 2013 सालच्या पतसंस्थेच्या कर्जाला त्याचा काय उपयोग?

पतसंस्था सुदैवाने अजून चालू होती. सचिव नवे, जुनं खातं शोधायला दोन आठवडे गेले, पण सापडलं. गहाणमुक्तीचा लेख झाला, आत्या पुन्हा त्याच कार्यालयात गेली. आता टोकन आहे, अंगठा मशीनवर टेकवायचा, फोटो तिथेच निघतो. तासाभरात ती बाहेर आली. मला फोनवर म्हणाली, "बाक तोच आहे गं. हे असते तर..." आणि थांबली.

मग तिसरा अर्ज, तिसरा अर्ज क्रमांक, वहीतल्या त्याच पानावर. दाखला आला तो पुन्हा फॉर्म 15. दोन ओळी: 2006 चं गहाणखत आणि त्याखाली त्याची मुक्ती. बँकेला तो चालला.

मला या सगळ्यात एक गोष्ट सारखी आठवते. पहिला कोरा दाखला बँकेत दिला असता तर कदाचित कर्ज मंजूरही झालं असतं. घरातलं कोणी खोटं बोलत नव्हतं, सगळ्यांना तो खराच वाटत होता. बँकेच्या वकिलाला पुढे कधीतरी खरी नोंद सापडली असती, तेव्हा उत्तर द्यायला आत्या असती की नसती कोण जाणे. तिचं वय 76 आहे. त्या बाकावर बसल्याची आठवण कुठल्याही संकेतस्थळावर नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या घरात कोणी वडीलधारं असेल तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: या घरावर, या शेतावर कधी कर्ज काढलं होतं का, कोणाकडून, कोणत्या साली, फिटल्यावर पुढे काय केलं. उत्तरं तारखेसकट लिहून घ्या. जुन्या दस्तातला मिळकतीचा नंबर आणि चतुःसीमा वेगळ्या कागदावर उतरवा आणि अर्जात तेच भरा. महाराष्ट्रात असाल तर सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. फिटलेल्या कर्जाचा बोजा तिथे अजून दिसत असेल तर तो कमी करण्याचा अर्ज ई-हक्कवरून तलाठ्याकडे करता येतो, आणि फेरफार कुठवर आलाय ते आपली चावडीवर दिसतं. अर्ज कुठलाही असो, मोबाइल नंबर स्वतःचा द्या. आणि दाखला कोरा आला तर पेढे आणण्याआधी तो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा.