भोकं लहान, पण ऑपरेशन लहान नव्हे

रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर महिला मंडळाची बैठक बसली. विषय वेगळाच होता, पण बोलता बोलता एका ताईंनी विचारले, "वजन कमी करायच्या ऑपरेशनला चार-पाच भोकंच पाडतात ना? मग आठ दिवसांत कामावर जाता येईल?" शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमचं नाही का झालं बिनटाक्याचं? सकाळी गेले, संध्याकाळी घरी." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न मनातून जाईना.

दुर्बिणीचे ऑपरेशन म्हटले की आपल्या वस्तीतल्या बायांना कुटुंबनियोजनाचे शिबिर आठवते. त्यात एक-दोन बारीक छेद असतात, आत नळ्यांना रिंग बसवतात आणि काम संपते. वजनाच्या ऑपरेशनातही पोटात गॅस भरतात आणि कॅमेरा घालतात. पण आतले काम फार मोठे असते. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग कापून काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. बाहेर बोटाच्या पेराएवढी खूण दिसते, आत मात्र पिनांची लांब रांग असते.

आता छेदांविषयी. ते बहुधा चार ते सहा असतात आणि अर्धा ते दीड सेंटिमीटर लांब असतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनाला मुख्य छेद बेंबीजवळ घेतात, म्हणून इथेही तिथेच असेल असे वाटते. पण वजन जास्त असले की बेंबी खाली सरकलेली असते, त्यामुळे कॅमेऱ्याचा छेद पुष्कळदा बेंबीच्या बराच वर घेतात. छातीच्या हाडाखाली एक बारीक छेद असतो, तो यकृत वर उचलून धरायला. बाकीचे दोन्ही बाजूंना. ज्या छेदातून जठराचा कापलेला तुकडा बाहेर काढतात तो जरा मोठा असतो. तोच जास्त दुखतो आणि त्याच्याभोवती काळेनिळे होते. "बाकीचे बरे झाले, हाच का ठणकतो?" असे वाटले तर पहिल्या आठवड्यात त्यात नवल नाही, फक्त दुखणे दिवसेंदिवस कमी व्हायला हवे. जखमेतून पहिले काही दिवस थोडे पिवळसर किंवा गुलाबी पाणी आले तरी घाबरू नये. पू, घाण वास, वाढती लाली किंवा ताप असेल तर मात्र लगेच दाखवायला जावे.

खांदा दुखला की घरचे घाबरतात. पोटात भरलेल्या गॅसने छातीखालचा पडदा चुरचुरतो आणि दुखणे खांद्यात जाणवते. दोन-चार दिवसांत, चालत राहिले की, ते ओसरते. दम लागला, छातीत दुखले किंवा एका पायाची पोटरी सुजली तर मात्र गॅस समजून बसू नये. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

खरा धोका छेद दाखवत नाही, हे आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. आतली पिनांची रांग कुठे सुटली तर बाहेरच्या जखमा कोरड्या आणि सुंदर दिसत असतात. पण बसल्या जागी धडधड होते, नाडी शंभराच्या वर राहते, पोटात दुखते, ताप येतो. हे घरी आल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशीही होऊ शकते. अशा वेळी नाक्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी थांबू नये, ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथेच जावे.

मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. बायपास झालेल्याने डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन असल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आतल्या जोडावर अल्सर होतो. आणि मशेरी! तिच्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. ऑपरेशनच्या आधीच ती सोडावी लागते. सांगायला सोपे आहे, आम्हाला ठाऊक आहे. जखमेला हळद, चुना, राख काहीही लावू नये.

आमच्या वस्तीतल्या एका ताईंचे ऑपरेशन चांगले झाले. त्यांनी शेजारीपाजारी कुणाला सांगितले नव्हते. लोक म्हणतील, लठ्ठपणा घालवायला पैसे उडवले. छेद इतके लहान, साडीखाली झाकले गेले. म्हणून ऑपरेशनही झाकले गेले, आणि आठव्या दिवशी नळाच्या रांगेत त्या उभ्या होत्या. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांडे धरून पंधरा किलोच्या वर. बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे चार-पाच किलोहून जास्त उचलू देत नाहीत. कातडीचा टाका आठ-दहा दिवसांत धरतो, पण खालचा स्नायूंचा पापुद्रा इतक्या लवकर घट्ट होत नाही. काही महिन्यांनी त्यांच्या मोठ्या छेदाच्या जागी खोकताना गाठ दिसू लागली. हर्निया. रुग्णालयाने सोडताना जो कागद दिला होता तो इंग्रजीत होता. त्यात वजन उचलू नये असे लिहिलेले होते. घरात तो कुणी वाचला नव्हता.

आमचा राग दोन ठिकाणी आहे. एक त्या कागदावर. सहीचा अंगठा घेताना माणूस मराठीत बोलतो, मग सूचना मराठीत का देता येत नाहीत? पोटावर किती छेद, कोणता मोठा, दुर्बिणीतून जमले नाही तर पोट उघडावे लागेल का, हे सही करण्याआधी विचारणे हा आपला हक्क आहे. दुसरा राग घरावर. घरात दोन तरणी मुले असताना आठ दिवसांपूर्वी पोट कापलेली आई पाणी भरते आणि कुणाला काही वाटत नाही.

दुर्बीण ही श्रीमंतांची चीज आहे असेही आम्ही म्हणणार नाही. भारतातले पहिले दुर्बिणीचे पित्ताशयाचे ऑपरेशन डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात केले. उघड्या ऑपरेशनात छातीखालपासून बेंबीपर्यंत चिरलेले पोट, त्याची जखम आणि नंतरचा हर्निया हे सगळे दुर्बिणीने पुष्कळ कमी झाले. मधुमेह आणि वजन दोन्ही हाताबाहेर गेलेल्या माणसाला हे ऑपरेशन आधार देते, आणि पुढे जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तपासण्या चुकत नाहीत.

खुणा सहा महिने ते वर्षभर गडद राहतात, मग फिकट होतात. आपल्या सावळ्या कातडीवर कधी त्या जाड, उंच होतात. कान टोचल्यावर ज्यांना तशी गाठ आली असेल त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे.

त्या ताईंचे हर्नियाचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. या वेळी शेजारणींना माहीत आहे. पाण्याची पाळी थोरल्या मुलाकडे दिली आहे, आणि कागद मराठीत लिहून घेऊन कपाटाच्या दारावर चिकटवला आहे.