भिंत ज्याची, वाळवी त्याची

भाड्याच्या घरात ढेकूण झाले, मोरीतून झुरळे वर येऊ लागली, माळ्यावर उंदरांचा धुमाकूळ सुरू झाला किंवा दाराची चौकट वाळवीने पोखरली, म्हणजे त्यांचा बंदोबस्त घरमालकाने करावयाचा की भाडेकरूने, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. परंतु मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, जेथे असंख्य कुटुंबांचे आयुष्य दुसऱ्याच्या मालकीच्या छपराखाली जाते, तेथे लेकराबाळांची झोप, आजाऱ्यांचे आरोग्य आणि घर सोडून जाणाऱ्याची अनामत रक्कम या तिन्ही गोष्टी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. राहणाऱ्याच्या घरात कीड झाली, म्हणून निस्तरणेही राहणाऱ्यानेच करावे, असे रूढ उत्तर आहे. ते सोयीचे आहे, परंतु शास्त्राला, कायद्याच्या हेतूला आणि न्यायबुद्धीला ते धरून नाही, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे योग्य. घरमालक म्हणतो : मी घर रंगवून, धुऊन-पुसून, रिकामे ताब्यात दिले, ढेकूण आले ते भाडेकरूच्या गाद्यांतून, झुरळे जमली ती त्याच्या खरकट्यावर आणि उंदीर आले ते त्याच्या उघड्या डब्यांच्या वासाने. कायद्याने माझ्यावर घातलेली जबाबदारी दुरुस्तीची आहे, आणि कीड मारणे ही दुरुस्ती नव्हे. शिवाय घर ‘आहे त्या स्थितीत’ स्वीकारल्याचे कलम करारनाम्यात आहे व त्याखाली भाडेकरूची सही आहे. आणि जुन्या इमारतींचे भाडे इतके तुटपुंजे की त्यात एका फवारणीचाही खर्च निघत नाही. या चारही मुद्द्यांत सत्याचा काही अंश आहे. म्हणूनच त्यांतील प्रत्येकाचा स्वतंत्र परामर्श घेतला पाहिजे.

कीड म्हणजे राहणाऱ्याच्या अस्वच्छतेचे फळ, हा पहिला आक्षेप. ढेकणाचे अन्न रक्त आहे, खरकटे नव्हे. त्याला घाण लागत नाही, भिंतीची भेग, खाटेचा सांधा आणि निजलेला माणूस एवढे पुरते. अन्नावाचून तो कित्येक आठवडे, आणि थंड हवेत तर कित्येक महिने तग धरतो. तेव्हा रंगविलेली रिकामी खोली ही निर्दोषतेची ग्वाही होऊ शकत नाही. भिंतींच्या फटींतून आणि विजेच्या तारांच्या नळ्यांतून तो शेजारच्या खोलीत जातो, आणि आपण कोणाच्या भाडेपट्ट्यात शिरलो याची त्याला खबर नसते. मोठे तांबूस झुरळ गटारात वाढते आणि मोरीच्या तुटक्या जाळीतून वर येते. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधीत भिंतीवर चढते, आणि तिचा खरा प्रतिबंध पाया घालताना मातीवर करावयाच्या प्रक्रियेने होतो, ज्याकरिता ६३१३ क्रमांकाचे भारतीय मानक उपलब्ध आहे. पाया घातला गेला त्या वेळी जो भाडेकरू त्या वास्तूच्या आसपासही नव्हता, त्याने त्या पायातील उणिवेचा दंड भरावा, हे कोणत्या न्यायात बसते? उघडे अन्न झुरळांना आणि उंदरांना बोलाविते, हे मान्यच आहे. परंतु त्यांना आत येण्याचा मार्ग मात्र इमारतच देते.

राहणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची ही सवय मुंबईला नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी प्रथम दिसले, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारने घरांच्या झडत्या घेतल्या, माणसांना वेगळे काढले, कपडे-अंथरुणे जाळली. घरेही धुतली आणि चुनाही लावला, हे खरे. परंतु त्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत आधी उंदीर मरून पडत होते, या गोष्टीचा पूर्ण अर्थ त्या वेळी अधिकाऱ्यांनी ओळखला नाही. १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने कराचीत उंदराच्या पिसवेचा संबंध दाखवून दिला, आणि पुढे प्लेग कमिशनच्या मुंबईतील प्रयोगांनी तो प्रस्थापित झाला. गावोगावच्या लोकांनी तर उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालाव्यात, हा धडा अनुभवातूनच घेतला होता : दोष वास्तूत आहे, म्हणून वास्तू सोडावयाची. शहरातल्या भाडेकरूला रान उपलब्ध नाही. म्हणून वास्तूचा दोष ज्याच्या अधिकारात आहे, त्याच्याकडेच त्याला दाद मागावी लागते.

दुसरा आक्षेप कायद्याचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, याच्या १४ व्या कलमान्वये, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसेल तर, जागा सुस्थितीत आणि राहण्याजोगी राखणे घरमालकावर बंधनकारक आहे. १५ दिवसांपेक्षा कमी नाही अशा मुदतीची नोटीस देऊनही त्याने हयगय केली, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाच्या मर्यादेत. आता वाळवीने खाल्लेली चौकट, सांडपाण्याच्या नळाभोवती राहिलेले भोक, उंदीर येतो ती फुटकी जाळी आणि ढेकणांनी भरलेली भिंतीची चीर या गोष्टी दुरुस्तीत मोडत नाहीत, असे म्हणणे म्हणजे परिणाम एकीकडे आणि कारण दुसरीकडे असा कृत्रिम वाटा करणे होय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे १०८ वे कलम तर याहून मूलगामी आहे : मालकाला ठाऊक असलेला, परंतु घेणाऱ्याला साधारण दक्षतेने न दिसणारा, वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा दोष मालकाने उघड केला पाहिजे. गेल्या पावसाळ्यात वाळवी लागली होती, आधीचे बिऱ्हाड ढेकणांना कंटाळून गेले, हे मालकाखेरीज कोणाला ठाऊक असणार? हे कलम भाडेपट्ट्याला लागू आहे, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला नव्हे, असा वकिली प्रतिवाद संभवतो. परंतु ज्ञात दोष लपवून पैसे घेऊ नयेत, हे तत्त्व दस्तऐवजाचे नाव बदलल्याने बदलत नाही.

विलायतेतील एक जुना निवाडा येथे पाहण्याजोगा आहे. स्मिथ विरुद्ध मॅरेबल या १८४३ च्या खटल्यात ब्रायटन येथील सामानसुमानासह भाड्याने घेतलेले घर ढेकणांनी भरलेले निघाले, भाडेकरू घर सोडून गेला, मालकाने उरलेल्या भाड्याचा दावा लावला, आणि न्यायालयाने ठरविले की असे घर राहण्यास योग्य असले पाहिजे ही अट भाड्याच्या व्यवहारातच अध्याहृत आहे, मालक हरला. पुढे तो नियम सजविलेल्या घरांपुरताच मर्यादित राहिला, परंतु इंग्लंडच्या २०१८ च्या कायद्याने निवासयोग्यतेची जबाबदारी व्यापक केली, आणि उंदीर-कीटकांचा उपद्रव हा तेथे आता विचारात घ्यावयाच्या धोक्यांपैकी एक आहे. न्यूयॉर्क शहरात नव्या भाडेकरूला मागील वर्षाचा ढेकणांचा इतिहास लेखी कळविणे मालकाला भाग आहे. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या अनुसूचीत रंगरंगोटी व नळाचे पाइप बदलणे मालकाकडे आणि मोरी साफ करणे, माशांच्या जाळ्या बदलणे भाडेकरूकडे अशी बारकाईची वाटणी आहे. कीटकनिवारणाची बाब मात्र तीत नाही. जाळीपर्यंत विचार पोहोचला, पण ढेकणाचा आणि वाळवीचा विषय अनुत्तरित राहिला; हे मौन करारनाम्याने भरून काढले पाहिजे.

आणि येथेच तिसरा आक्षेप येतो, सहीचा. करार मोडू नये हे खरे; परंतु ज्या करारात एका पक्षाला उद्या निवारा हवा असतो आणि दुसऱ्याला दहा गिऱ्हाइके उभी असतात, त्यातील ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांना डोळस संमती म्हणणे कठीण आहे, कारण भिंतीआड काय आहे हे पाहण्याची संधीच भाडेकरूला मिळालेली नसते. त्यातच घर सोडताना रंगकाम आणि पेस्ट कंट्रोल या सदराखाली अनामत रकमेतून ठरावीक रक्कम कापण्याची प्रथा सर्रास दिसते. कापलेल्या पैशांतून फवारणी झालीच, याचा पुरावा जाणाऱ्याला दिला जात नाही, आणि येणाऱ्याला तीच झुरळे भेटली तर तोही पुढे तेच पैसे भरतो. एकच उपद्रव अशा रीतीने पिढीजात उत्पन्नाचे साधन होऊ नये.

चौथा आक्षेप, भाड्याचा, सर्वांत सबळ आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचे भाडे १९४० च्या पातळीशी जखडून ठेवले, आणि त्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले; १९९९ च्या अधिनियमाने वार्षिक ४ टक्के वाढीची मुभा दिली, तरी मूळ रक्कमच नगण्य असल्याने पागडीच्या चाळीत त्या वाढीने काही साधत नाही, आणि भाड्याच्या चतुर्थांशाची तरतूदही तेथे भाडेकरूच्या कामी येत नाही. अशा इमारतींत मालक व सर्व भाडेकरू यांनी मिळून खर्च वाटून घ्यावा, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु हा युक्तिवाद बाजारभावाने भाडे आणि अनेक महिन्यांची अनामत घेणाऱ्या सदनिका-मालकाने उसना घ्यावा, हे मान्य करता येत नाही; जुन्या चाळमालकाची खरी अडचण त्याची ढाल होऊ शकत नाही.

येथवर खंडन झाले, आता मंडन. माझा सिद्धांत असा की, उपद्रवाचे मूळ ज्याच्या अधिकारातील भागात, निवारणाचा भार त्याच्यावर. जमीन, पाया, भिंती, छप्पर, सांडपाण्याचे नळ, डक्ट आणि अंगभूत लाकूडकाम मालकाच्या अधिकारात. म्हणून वाळवी, उंदीर-घुशी आणि गटारातून येणारी झुरळे त्याच्याकडे. ताबा देताना असलेली आणि शेजारच्या खोलीतून आलेली कीडही त्याच्याकडेच, कारण शेजारच्या दारावर भाडेकरूची सत्ता चालत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तर हे अधिकच स्पष्ट होते : संस्थेचा सभासद सदनिकेचा मालक असतो, सर्वसाधारण सभेत बोलण्याचा व मत देण्याचा हक्क त्याला असतो, भाडेकरूला नाही; डक्ट साफ करा, सर्व मजल्यांवर एकदम फवारणी करा, हा ठराव मांडावयाचा तर तो मालकानेच मांडला पाहिजे. अधिकार एकाकडे आणि खर्च दुसऱ्याकडे, ही रचना टिकण्याजोगी नाही.

भाडेकरूची कर्तव्येही तितकीच निश्चित आहेत. अन्न झाकणे, कचरा रोज बाहेर काढणे, बाजारातून जुनी खाट वा गादी आणताना सांधे तपासणे, आणि उपद्रवाची पहिली खूण दिसताच लाजेखातर लपवून न ठेवता लेखी कळविणे ही त्याची जबाबदारी होय. कारण विलंबाने एका खोलीचा प्रश्न मजल्याचा होतो. फवारणीच्या दिवशी कपाटे रिकामी करून कारागिरांना आत येऊ देणे आणि अंडी फुटून निघालेल्या किडींसाठी सुमारे दोन आठवड्यांनी होणाऱ्या दुसऱ्या फवारणीलाही सहकार्य करणे त्याला भाग आहे. आणि उपद्रव त्याच्याच निष्काळजीपणाने झाला, हे दाखविता आले, तर खर्च त्यानेच सोसावा. परंतु हे दाखविण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असावा.

जबाबदारीची ही वाटणी पैशापुरती नाही, ती जीविताची आहे. दाद न मिळालेला माणूस शेवटी हाती येईल ते विष आणतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या धान्याच्या कोठारांसाठी आहेत, आणि दमट हवेत त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू फटींतून शेजारच्या घरात शिरून माणसांचे प्राण घेऊ शकतो. म्हणूनच १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली असे विष परवानाधारकांच्या हातीच राहावे, अशी व्यवस्था आहे. प्रत्येक भाडेकरूला त्याच्या खोलीपुरते एकटे सोडणे म्हणजे असे विष इमारतीत येण्यास वाट करून देणे होय.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने करारनामा लेखी असणे आणि नोंदविणे सक्तीचे केलेच आहे. त्या करारनाम्यात आणखी चार वाक्ये घालावीत : मागील वर्षात झालेल्या उपद्रवाचे मालकाचे निवेदन. ताबा देण्यापूर्वी परवानाधारकाकडून झालेल्या तपासणीचा दाखला. वास्तूतून उद्भवणाऱ्या किडीचा खर्च मालकाकडे व सिद्ध झालेल्या निष्काळजीपणाचा भाडेकरूकडे. आणि पावतीवाचून अनामतीतून एक पैही न कापण्याची हमी. शासनाने हा मसुदा नमुना म्हणून प्रसिद्ध करावा आणि राज्याच्या अधिनियमात कीटकनिवारणाचा स्पष्ट उल्लेख करावा. गृहनिर्माण संस्थांनी तोवर वाट न पाहता आपल्या सभासदांना तो लागू करावा. घर भाड्याने देणारा केवळ चार भिंतींचा ताबा देत नाही, तो निवारा देण्याचे वचन देतो आणि त्याच वचनाचे भाडे घेतो; ज्या घरात माणसाला रात्री निर्धास्त निजता येत नाही, त्या घराचे भाडे पूर्ण मागण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नाही.