लांबलेली तारीख

व्यापारी घरात तारखेला मोठे मोल असते. येणे कधी वसूल व्हायचे, देणे कधी भागवायचे, हे वहीत नोंदलेले असते आणि दिवस सहसा चुकत नाही. शरीराचा हिशेब मात्र असा चालतोच असे नाही. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाचा विकार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर तो बहुधा चालत नाही.

सांगलीकडील एका कापडव्यापारी कुटुंबातील सुनेची पाळी याच विकारामुळे कधी चाळीस, तर कधी पन्नास दिवसांनी येई. मुलगी चार वर्षांची होती. दुसरे अपत्य इतक्यात नको, असे पतिपत्नींनी ठरवले होते. पाळीनंतरच्या विसाव्या दिवशी निरोध फाटला. दुसऱ्या सकाळी पतीने आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी आणली आणि तिने ती घेतली.

गोळीनंतर आठवडाभर मागेपुढे पाळी येते, असे दोघांनी ऐकले होते. पण चाळीस दिवस उलटले तरी ती आली नाही. सून या खेपेस बाजूला बसली नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आले आणि त्यांची मुद्रा उजळली. इकडे सुनेची झोप उडाली. पाळी यावी म्हणून पतीने आणखी एक गोळी आणून ठेवली. परंतु ती घेण्यापूर्वी दोघे डॉक्टरांकडे गेले, हे बरे झाले.

डॉक्टरांनी प्रथम गोळीचे कार्य समजावले. लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची ही गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, आणि पाळी आणण्याचे ते औषधही नव्हे. म्हणून दुसऱ्या गोळीने काहीच साधले नसते.

मग पाळी एवढी का लांबली? स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. पीसीओएसमध्ये स्त्रीबीज मुळातच उशिरा व अनियमित सुटते. त्यात गोळीने घातलेला विलंब मिळतो. ज्या पाळीची तारीखच निश्चित नाही, तिला किती उशीर झाला हे मोजायचे कशावरून? डॉक्टर म्हणाले, “पाळीवरून मोजू नका, संबंधाच्या दिवसापासून मोजा. एकवीस दिवस पूर्ण झाले की सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. तिचे उत्तर खरे माना.”

एकवीस दिवस त्याच दिवशी पूर्ण होत होते. दुसऱ्या सकाळी चाचणी केली, गर्भ नव्हता. आणखी अकरा दिवसांनी पाळी आली. तोवर पतीनेच आईला सारे मोकळेपणाने सांगितले होते. सासूबाई क्षणभर हिरमुसल्या, पण म्हणाल्या, “आधी सांगायचं होतं. एकटीने कशाला सोसलंस?”

या प्रसंगातून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पीसीओएस आहे म्हणून गर्भ राहणारच नाही, हा समज चुकीचा आहे. स्त्रीबीज अवचित सुटू शकते. वजन अधिक असल्यास गोळीचा प्रभाव कमी पडू शकतो. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा अधिक खात्रीचा उपाय ठरतो. गोळी पुढील संबंधांपासून संरक्षण देत नाही, म्हणून नियमित साधन लगेच सुरू करावे. पोटात एका बाजूस तीव्र वेदना किंवा भोवळ आल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. चाचणीत गर्भ नसूनही तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांना दाखवावे. गर्भाशयाचे अस्तर फार काळ साचून राहणे हिताचे नसते.

तारीख लांबली म्हणजे संकट आलेच, असे नव्हे. दिवस मात्र योग्य ठिकाणापासून मोजावेत, आणि ते मोजताना घरातील स्त्रीला एकटी पडू देऊ नये.