एकाच संघातले दोघे

"खेळाने चारित्र्य घडते" हे वाक्य आपण प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकतो. कॅडेट मित्रांनो, मला ते अर्धेच खरे वाटते. का, ते दोन खेळाडूंच्या गोष्टीवरून सांगतो.

हॅम्बर्गच्या एच.एस.व्ही. या फुटबॉल संघाने १९२३ आणि १९२८ साली जर्मनीचे अजिंक्यपद जिंकले. त्या संघाचा आघाडीचा खेळाडू होता ऑटो हार्डर, लोकांचा लाडका 'टुल'. जर्मनीकडून १५ सामन्यांत त्याने १४ गोल केले. मधल्या फळीत खेळायचा अस्बियॉर्न हाल्वोर्सन हा नॉर्वेचा तरुण. दोन्ही अजिंक्यपदे दोघांनी मिळून जिंकली.

पुढे हार्डर हिटलरच्या पक्षात आणि मग एस.एस. दलात गेला. महायुद्धात तो नॉयनगामे या छळछावणीत पहारेकरी होता. नंतर तिच्याच हॅनोव्हरजवळच्या आलेम उपछावणीचा तो प्रमुख झाला. तिथे ज्यू कैद्यांना भुयारांत राबवले जाई. कित्येक जण उपासमारीने आणि आजाराने मेले. १९४७ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली. १९५१ मध्येच तो सुटला.

हाल्वोर्सन मायदेशी परतला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने तयार केलेल्या नॉर्वेच्या संघाने हिटलरच्या डोळ्यांदेखत जर्मनीला २-० असे हरवले. जर्मनांनी नॉर्वे व्यापल्यावर तिथल्या खेळाडूंनी नाझींच्या हाताखाली खेळायला नकार दिला. त्या विरोधात तो पुढे होता. १९४२ मध्ये त्याला अटक झाली. अनेक छावण्यांतून फिरवत शेवटी त्याला आणले ते नॉयनगामेलाच. तो कसाबसा जिवंत राहिला.

मैदान एक, जर्सी एक, घाम एक. तरी एक जण छावणीचा अधिकारी झाला आणि दुसरा तिथलाच कैदी.

खेळाने दम येतो, जिद्द येते, सांघिक भावना येते. पण ही ताकद कोणासाठी वापरायची, हे मैदान ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणून माझे मत असे, की हाउसचा कर्णधार निवडताना गोल जरूर मोजावेत. पण तो ज्युनियरशी, मेसमधल्या काकांशी, हरलेल्या संघाशी कसा वागतो, हे आधी पाहावे. उद्या आपल्या हाती अधिकार येणार आहे. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, तीच आपली खरी परीक्षा.