‘गिअरबॉक्स गेला’ हे ठरवलं कोणी?

पुण्या-मुंबईत दहा-बारा वर्षं चाललेल्या ऑटोमॅटिक गाड्या अलीकडे वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या अल्लीपुरात दिसू लागल्या आहेत. मुलानं नवी घेतली की जुनी बाबांकडे येते. एखादे निवृत्त मास्तर गुडघा दुखतो म्हणून बिनक्लचची गाडी शोधून आणतात. एमएच ३२ च्या गर्दीत एमएच १२ ची पाटी लगेच नजरेत भरते. वर्ष-दोन वर्षं गाडी सुखात चालते. मग एक दिवस ‘डी’मध्ये टाकल्यावर दणका देते, नाहीतर नुसती रेस घेते आणि जागची हलत नाही. मालक ती दिसेल त्या गॅरेजात नेतो. मिस्त्री बोनेट उघडतो, मिनिटभर बघतो आणि सांगतो, ‘‘गिअरबॉक्स गेला.’’ खर्च विचारावा तर आकडा गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर जातो. मालक गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवतो आणि ‘ऑटोमॅटिक घ्याच नोका’ असं चारचौघांत सांगत फिरतो.

मी एसटीच्या कार्यशाळेत कारागीर होतो. आता पुतण्याच्या गॅरेजात बसतो. हात पूर्वीसारखे चालत नाहीत, कान मात्र चालतात. कार्यशाळेत ड्रायव्हर गाडी जमा करताना बिघाड लिहून देई. ‘गाडी बरोबर नाही’ एवढंच लिहिलं असेल तर आम्ही त्याला परत बोलावून विचारायचो: केव्हा? कितव्या गिअरला? चढावर की सपाटीवर? इंजिन थंड असताना की तापल्यावर? गाडीला हात लावण्याआधी निम्मं काम इथंच व्हायचं.

त्या सवयीनं सांगतो, आमच्याकडे ‘गेला’ म्हणून आलेल्या गिअरबॉक्सपैकी बरेचसे गेलेले नव्हतेच. यात मिस्त्रीला दोष देऊन मोकळं होता येत नाही. आपल्याकडे पार्ट बदलण्याचे पैसे मिळतात, बिघाड शोधण्याचे मिळत नाहीत. दोन तास गाडीखाली झोपून त्यानं तीनशे रुपयांचा स्विच शोधून काढला तर त्याच्या हातावर शे-दोनशे टेकवले जातात, वर ‘एवढंसं काम होतं’ हेही ऐकावं लागतं. गिअरबॉक्स उतरवला तर हजारांत हिशेब होतो. पोटापाण्याचा विचार करणारा माणूस काय शोधेल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पुतण्याला मी सांगितलं: तपासणीचे वेगळे पाचशे रुपये घ्यायचे आणि निदान कागदावर लिहून द्यायचं. गावात याची चर्चा झाली. ‘‘नुसतं पाह्याचे पैसे?’’ असं लोक अजून विचारतात. डॉक्टरला नुसतं पाहण्याचेच देता ना जी, मी म्हणतो.

पाचशे रुपयांत आम्ही काय बघतो ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुठल्या गॅरेजात गेलात तरी विचारता येईल.

आधी हे ठरवायचं की ऑटोमॅटिक आहे कोणत्या जातीची. मालकाला बहुधा ठाऊक नसतं. मारुतीची सेलेरिओ २०१४ साली आली तेव्हापासून एएमटी खेड्यापाड्यांत पोचली. त्यात गिअरबॉक्स साधाच, क्लचप्लेटही साधीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला पायाहाताच्या जागी यंत्र बसवलेलं. अशा बहुतेक गाड्यांत लिव्हरवर ‘पी’ नसतो, त्यावरून ओळखायची. तिच्यात झटके आले तर बरेचदा क्लचप्लेट झिजलेली असते, म्हणजे कुठल्याही गाडीला होतं तेच दुखणं. दुसरी जात सीव्हीटी. तिच्यात गिअर नसतातच, दोन पुलींमध्ये पट्टा असतो. तिसरी जुनी, टॉर्क कन्व्हर्टरवाली. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९०५ साली जहाजांसाठी तेलातून ताकद नेण्याची युक्ती काढली. तीच पुढे मोटारीत आली आणि अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळू लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फिरतं तेल असतं. क्लचवर दाब तेच आणतं, वंगणही तेच आणि उष्णता वाहून नेणारंही तेच. म्हणून या जातीचं निदान तेलापासून सुरू होतं.

तेल बघण्यातही घोटाळे आहेत. बहुतेक गाड्यांत इंजिन तापवून, चालू ठेवून डिपस्टिक काढायची. होंडाच्या जुन्या गाड्यांत मात्र तापल्यावर इंजिन बंद करायचं आणि दीडेक मिनिटाच्या आत बघायचं. हे माहीत नसलेला माणूस चांगल्या गाडीत लिटरभर तेल जास्त ओततो आणि फेस होऊन गाडी खरंच घसरायला लागते. तेल लालसर असेल तर ठीक. तपकिरी झालं तर म्हातारं झालं. काळं आणि जळका वास असेल तर आत क्लच जळालेत. काही कंपन्या तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलंय म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तिथं हे आयुष्य कोणाचं धरायचं ते त्यांनी सांगावं. सीव्हीटीचं तेल निराळं असतं. दुकानात पॉवर स्टिअरिंगसाठी मिळणारं एटीएफ तिच्यात ओतलं की पट्टा आणि पुलींचं काय होतं, ते मी पाहिलंय.

आणि तेल फिकट गुलाबी, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. हा बिघाड आपल्या भागाचा खास म्हणावा लागेल. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. आपण कूलंट महाग म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओततो. ते पाणी आतून गंज चढवतं, नळी खाऊन टाकतं आणि एक दिवस पाणी नि तेल एक होतात. क्लचच्या पट्ट्या डिंकानं चिकटवलेल्या असतात. पाण्यानं त्या सुटायला लागतात. रंग बदलल्याबरोबर गाडी थांबवली, रेडिएटर बदलला आणि तेल पुन्हा पुन्हा काढून भरलं तर वाचण्याची आशा असते. तशीच नागपूरपर्यंत दामटली तर नसते. कूलंटचे वाचवलेले पैसे असे फिटतात.

तेल चांगलं निघालं की आम्ही गिअरबॉक्सकडे पाठ फिरवतो. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण आर किंवा डी टाकल्यावर ‘धाड’ असा आवाज आला तर आधी इंजिनचं फाउंडेशन बघायचं. रबर तुटलं की अख्खं इंजिन उचलून आपटतं. बॅटरी बघायची: गाडी उभी असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना पावणेचौदा ते सव्वाचौदा. अर्थिंगची पट्टी कुजली असेल तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर बावचळतो आणि गाडी एकाच गिअरवर अडकवून ठेवतो. बंद करून चालू केली की थोडा वेळ ठीक, पुन्हा तेच. हे तर गिअरबॉक्सचं स्वतःला वाचवणं आहे, मरणं नव्हे. दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असतो, शेजारी गाडी उभी असते. उंदीर कापसातून बोनेटखाली जातात आणि स्पीड सेन्सरची वायर कुरतडतात. त्या वायरीवर ‘गिअरबॉक्स गेला’चा निकाल लागल्याचं आमच्याकडे घडलेलं आहे. वायर जोडायला पुतण्याला फारसा वेळ लागला नाही, शोधायला मात्र दुपार गेली.

एका बाईंची गाडी ‘पी’मध्येच अडकली होती. लिव्हर खाली येईना. आधीच्या ठिकाणी गिअरबॉक्स उतरवायचं ठरलेलं होतं, उतरवणाऱ्याची तारीखही मिळाली होती. मी त्यांना ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागे जाऊन बघितलं, तर ब्रेकलाइट लागत नव्हते. ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर सुटू नये म्हणून या गाड्यांत कुलूप असतं आणि त्याला ‘ब्रेक दाबला’ हे सांगतो तो पेडलजवळचा एवढासा स्विच. तो गेला होता. यात हुशारी काही नाही. माणूस गाडीच्या मागे गेला नव्हता, एवढंच.

सगळ्यात जास्त फसवतो तो थरथराट. साठच्या वेगाला, पाय हलका असताना गाडी खडबडीत रस्त्यावर चालल्यासारखी थरथरते. हा टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या लॉकअप क्लचचा दोष असू शकतो, पण नुसता प्लग किंवा कॉइल कमजोर असली तरी अगदी तसंच होतं. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर. हिंगणघाट रस्त्यावर मोकळा पट्टा बघून आम्ही गाडी त्याच वेगाला धरतो, उजवा पाय रेसवर तसाच ठेवतो आणि डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करतो. ब्रेकलाइट लागला की लॉकअप सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय कन्व्हर्टरवर. चालूच राहिली तर प्लग काढून बघा. (मागे कोणी नाही हे आधी बघा, आणि डाव्या पायाची सवय नसेल तर हे करूच नका.)

ब्रेक आणि रेस दोन्ही दाबून करायची स्टॉल चाचणीही आहे. तीत पाच सेकंदांच्या वर गेलात तर चांगला गिअरबॉक्सही शिजतो. हौसेनं व्हिडिओ बघून ती करणाऱ्यांना मी हात जोडतो.

एक गोष्ट मात्र ठळक छापा. ऑटोमॅटिक बंद पडली की तिला धक्का मारून चालू करता येत नाही, आणि ट्रॅक्टरला टोचन लावून ओढत न्यायची नाही. आतला तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं फिरतात ती आतले गिअर कोरडे फिरवत. बॅटरी उतरलेली गाडी अशी ओढत नेली आणि पोचेपर्यंत गिअरबॉक्सचं काम झालं, असं इथं घडलंय. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती उचला, नाहीतर सरळ गाडीवर गाडी चढवून न्या.

आता स्कॅनरबद्दल. बाजारात हजार-दीड हजारात मिळणारा स्कॅनर लावला की पी-०७०० असा कोड दिसतो आणि लोक म्हणतात, बघा, गिअरबॉक्सचाच कोड. त्या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काही सांगायचं आहे, त्याला विचारा. विचारायला मात्र हा स्वस्तातला स्कॅनर पुष्कळदा पोचत नाही. नेमका कोड, तेलाच्या झडपा चालवणाऱ्या सोलेनॉइडची चाचणी, बिघाड काढल्यावर गाडीला नव्यानं शिकवणं, याला कंपनीची साधनं आणि कंपनीची पुस्तकं लागतात.

इथं माझा राग मिस्त्रीवरून दुसरीकडे वळतो. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. हे सारं खुलं करा, असंही आयोगानं सांगितलं होतं. एका ग्राहकाच्या तक्रारीतून हे प्रकरण उभं राहिलं, हे मला विशेष वाटतं. पुढे कंपन्या अपिलात, कोर्टात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत आणि शेतीची अवजारंही. पोर्टल चांगलंच आहे. पण अल्लीपुरातल्या मिस्त्रीला हवा असतो दहा वर्षं जुन्या गाडीचा वायरिंगचा नकाशा, स्टॉलचा आकडा, सोलेनॉइडचा ओहम. ते रीतसर पैसे भरून तरी सहज मिळावं. आज तो ते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्धवट पानांतून गोळा करतो. माहिती दाबून ठेवायची आणि मग ‘बाहेर दाखवू नका, त्यांना कळत नाही’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

गिअरबॉक्स कधी खरंच जातो. चेंबर उघडलं आणि चुंबकावर राखाडी मळ दिसला तर घाबरायचं कारण नाही, ती नेहमीची झीज. चकाकणारे तुकडे दिसले, तेल जळकं असलं, रिव्हर्स पडतच नसला, तर आम्ही तसं लिहून देतो. अशा वेळी दाब देऊन ‘फ्लश’ मारून घ्यायचा सल्ला मिळतो. तो घेऊ नका, मळ सगळा वाल्व्ह बॉडीत जाऊन बसतो. मग मालकानं हिशेब करावा. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचे सहाशेचे पाच हजार एप्रिल २०२२ पासून झालेच आहेत. गाडी ठेवायची, दुरुस्त करायची की काढायची हे त्याचं त्यानं ठरवावं, फक्त हातात कागद असावा. एका निवृत्त मास्तरांनी आमचा कागद नागपूरच्या गिअरबॉक्सवाल्याला दाखवला, तर त्यानं वाल्व्ह बॉडी तेवढी उघडली. कागद नसता तर तो अख्खा गिअरबॉक्स उघडून बसला असता, आणि त्याचंही चुकलं असतं असं मी म्हणणार नाही.

राहिला प्रश्न पोरांचा. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन येणारी पोरं हुशार आहेत, स्कॅनर माझ्यापेक्षा झरझर चालवतात. पण ऑटोमॅटिक आतून पाहिलेलं पोरगं आमच्या गॅरेजात अजून आलेलं नाही. पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या भंगारात निघताहेत आणि त्यांचे गिअरबॉक्स वितळवायला किलोच्या भावानं चालले आहेत. त्यातला एकेक प्रत्येक आयटीआयला द्या. हिंगणघाटला आणून पोचवायची जबाबदारी माझी, ट्रॅक्टर पुतण्याचा आहे.